मशीनची ओटी

आमच्या लालबागच्या चाळीतल्या महिला मंडळाला मॉलमधून फुगड्या घालायचं बोलावणं आलं, तेव्हा आख्खी चाळ खूश झाली आणि माझं डोकं फिरलं. मॉल कुठला? तर माझी आई ज्या गिरणीत वायंडिंग खात्यात कामाला होती, ती गिरणी पाडून त्या जागेवर बांधलेला. कार्यक्रम कसला? तर 'जगभरातले सण'. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या देशाचा सण तिथे साजरा होणार, आणि दसऱ्याचा दिवस मुंबईचा, म्हणून लालबाग-परळच्या बायका हव्यात. नऊवारी नेसून, नथ घालून. मी म्हटलं, अरे वा! गिरणी होती तेव्हा याच बायका गेटवर दोन मिनिटं जास्त उभ्या राहिल्या तर वॉचमन हाकलायचा. आता फुगड्यांना आमंत्रण!

लग्न होऊन मी प्रभादेवीला गेले त्याला जमाना झाला. आई मात्र अजून चाळीतच असते. मंडळातली सगळ्यात जुनी ती, आणि तिच्या जोडीला शेजारच्या काकू, गिरणीत तिच्याच खात्यात असलेल्या. दोघी सत्तरी उलटलेल्या, पण फुगडीची गाणी त्या दोघींनाच पाठ. बाकी बहुतेक सुना आणि नाती. त्यांनी मला गळ घातली, "ताई, तुम्ही आदल्या दिवशी जागा बघून या ना. स्टेज कुठेय, साड्या कुठे बदलायच्या, बघा तरी." मी नाही नाही म्हणत गेले.

तळमजल्यावर मोठमोठे फलक लावले होते. ब्राझीलच्या पिसं लावून नाचणाऱ्या बायका, चीनचा लांबलचक ड्रॅगन, जपानचे नदीत सोडलेले दिवे, मेक्सिकोत मेलेल्यांसाठी सजवलेल्या कवट्या. प्रत्येकाखाली इंग्रजीत लिहिलेलं, आणि सगळ्याचं सार एकच, की सण माणसांना जोडतात. हे वाचून मला हसू आलं. शाळेत 'सणांचे महत्त्व' या विषयावर निबंध असायचा, त्यात मीही हेच लिहिलं होतं आणि बाईंनी तो वर्गात वाचूनही दाखवला होता. ज्या वर्षी वाचून दाखवला ना, त्याच वर्षी आमच्या घराचा उंबरा चाळीतल्या एकाही बाईनं ओलांडला नाही.

पुढे गेले. सरकत्या जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर, मजल्याएवढी उंच, माझी आई.

काळापांढरा फोटो. पस्तिशीतली आई, डोक्यावरून पदर, डाव्या हातात ताट, ताटात खण आणि नारळ, आणि उजव्या हाताचं बोट मशीनला कुंकू लावतंय. आणि तिच्या शेजारी, मशीनला झेंडूचं तोरण बांधत, तोंड भरून हसणाऱ्या, शेजारच्या काकू.

मी जागची हललेच नाही. मागून लोक येत होते, आइस्क्रीम खात होते, जिन्यावर चढून वर जात होते. खाली लिहिलं होतं की मुंबईच्या गिरण्यांमधले कामगार यंत्राला देव मानत आणि दसऱ्याला मालक-कामगार मिळून पूजा करत. मिळून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा फोटो कुठल्या दसऱ्याचा आहे हे मला ठाऊक होतं. संप चालू होता त्या दसऱ्याचा. हाच फोटो मी सहावीत असताना वर्तमानपत्रात पाहिला होता. त्यात आई एकटी होती. त्या फोटोमुळे चाळीनं माझ्या आईला संपफोडी ठरवलं, आणि ते ठरवण्यात सगळ्यात पुढे होत्या त्या याच काकू.

आणि आता त्या भिंतीवर हसत होत्या, आईच्या खांद्याला खांदा लावून.

हे नीट कळायला गिरणीतला दसरा कळला पाहिजे. वर्षात तोच एक दिवस आम्हा पोरांना गेटच्या आत घेऊन जायचे. आदल्या दिवशी मशीन पुसून, तेल काढून लख्ख करायची, आणि दसऱ्याला सगळं बंद. एरवी आईशी बोलायचं तर घरातही ओरडून बोलावं लागायचं, इतके तिचे कान त्या आवाजाला सरावलेले. पण त्या दिवशी खात्यात गेलं की नुसती शांतता. बायका कुजबुजत्या आवाजात बोलायच्या. प्रत्येक मशीनवर आंब्याची पानं, झेंडू, हळदीकुंकू. पुरुषांच्या खात्यात नारळ फोडून, पेढे वाटून मोकळे व्हायचे. वायंडिंगला मात्र बायकाच बायका, म्हणून तिथली रीत वेगळी. तिथे मशीनची ओटी भरायच्या. अगदी माहेरवाशिणीची भरतात तशी. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. कारण मशीन म्हणजे बाई, असं त्यांचं ठाम मत. सूत गुंडाळते, दिवसभर उभी असते, कधी रुसते, कधी बोटाला चावते. ओटी भरली की त्या दिवशी तिला हात लावायचा नाही. "आज तिची सुट्टी," आई म्हणायची. आणि मला ते फार आवडायचं, कारण त्या दिवशी आईलाही सुट्टी असायची.

मग संप झाला. जानेवारीत सुरू झाला तो गणपती आले तरी संपेना. भोंगा वाजायचा बंद झाला आणि चाळीला सकाळ कधी होते तेच कळेनासं झालं. निम्मी चाळ गावी गेली. माझे बाबा दुसऱ्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर, तेही शेतीच्या कामाला कोकणात गेले. चाळीत उरल्या बायका, पोरं आणि संप समितीची माणसं. काकूंचे यजमान समितीत होते. गेटवर सभा असली की बाकावर उभे राहून बोलायचे. आवाज असा खणखणीत की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. आम्हा पोरांना ते फार मोठे वाटायचे.

दसऱ्याच्या आधी गिरणीच्या गेटवर सांगितलं गेलं की पूजेसाठी खाती उघडी राहतील, ज्यांना यायचंय त्यांनी नेहमीसारखं यावं. समितीनं लगेच सांगितलं, कोणी जायचं नाही, डाव आहे. यात आईला काय कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण तिचं गणितच वेगळं होतं. दसऱ्याच्या सकाळी ती नीट साडी नेसली, ताटावर रुमाल झाकला आणि निघाली. मी विचारलं, "आई, तू कामाला चाललीस?" तर माझ्यावर केवढी खेकसली! "कामाला कशाला जाऊ? संप आहे ना! ओटी भरून येते. भांडण मालकाशी, मशीनीनं काय घोडं मारलंय आपलं?" एवढं बोलून गेली, आणि मी भात उतरवायच्या आत परतही आली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली छापलं होतं की दसऱ्याचा मुहूर्त साधून कामगार कामावर परतू लागलेत. पुढे आईचं नाव, खात्यासकट.

त्या सकाळी आई नळावर होती. चाळीतल्या सगळ्या बायका नळावर होत्या. कामावर परतलेली बाई पहिल्या पाळीच्या वेळेला नळावर कपडे धूत कशी असेल, एवढा साधा विचार एकीच्याही मनात येऊ नये? येत असणार हो. पण पेपरात छापलेलं, त्यापुढे डोळ्यांनी दिसतंय त्याला कोण विचारतं. आणि हो, ज्या गिरणीनं ती कामावर आली असं छापून आणलं, त्या गिरणीनं तिला त्यानंतर एक दिवसही कामावर घेतलं नाही. संप विरला, खातंच बंद केलं, आणि आई पोळीभाजीचे डबे करायला लागली. शेवटपर्यंत संपात राहिलेली बाई संपफोडी! याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

कोणी दगड मारले नाहीत. शिव्यासुद्धा फारशा दिल्या नाहीत. आमच्या चाळीकडे त्याहून जालीम हत्यार होतं, ते म्हणजे सण.

दिवाळीला आईनं नेहमीसारखी फराळाची ताटं केली. संपात काय फराळ असणार, चिवडा आणि थोड्या करंज्या. पहिलं ताट काकूंकडे, कारण दारच शेजारी. मीच घेऊन गेले. काकूंनी ताट घेतलंही नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्याकडे नको बाळा. घरी घेऊन जा." शेजाऱ्याचं ताट रिकामं परत पाठवू नये म्हणून त्यात निदान साखर घालतात लोक. इथे ताट जसंच्या तसं, रुमालाची घडीसुद्धा न मोडता मी परत आणलं. आईनं ते हातातून घेतलं, करंज्या डब्यात भरल्या आणि म्हणाली, "बरं झालं, आपल्यालाच झाल्या." बाकीची ताटं तिनं पाठवलीच नाहीत.

संक्रांतीला तिनं हळदीकुंकू केलं. हट्टानं केलं. फरशी पुसली, चटई घातली, वाण म्हणून छोट्या गाळण्या आणल्या, आणि सबंध संध्याकाळ दार उघडं टाकून बसली. गॅलरीतून बायका जात होत्या, बांगड्या वाजत होत्या, काकूंच्या दारात हसण्याचा गलका चालला होता. आमच्या दारापाशी आल्या की पावलं भरभर पडायची. दिवे लागले, जेवणाची वेळ झाली, तरी आई चटईवरून उठेना. शेवटी मी म्हटलं, "आई, मला लाव ना कुंकू." तिनं मला लावलं, गाळणी दिली, आणि मग उठली.

पण शिमगा सगळ्यांवर वरताण. होळीपुढे बोंब मारताना नावं घ्यायची पद्धत आहे, त्या वर्षी मालकांची नावं घेतली, सरकारचं घेतलं, आणि मग कोणीतरी आईचं घेतलं. पोरांनी उचललं. मी गॅलरीत उभी होते. माझ्या वर्गातली पोरं माझ्या आईच्या नावानं बोंब ठोकत होती आणि बाजूला काकूंचे यजमान हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी एक शब्द काढला असता तर पोरं गप्प बसली असती. नाही काढला. बाबा तेव्हा गावाहून आले होते. ते आत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांनी आईला एकदाच विचारलं होतं, "गेलेलीस?" ती म्हणाली, "ओटी भरायला गेलेले." त्यांचा तिच्यावर विश्वास होता, पण चाळीशी भांडायची त्यांच्यात धमक नव्हती. चाळीशी भांडून राहणार कुठे?

त्या वर्षात बाहेरून आमच्याकडे एकच ताट आलं. चिंचपोकळीला राहणाऱ्या एक ख्रिश्चन बाई आईच्या खात्यात होत्या, त्यांनी नाताळात कुलकुल पाठवले, शंखासारखे वळून तळलेले गोड तुकडे. त्यांना आमच्या चाळीचा कायदा ठाऊक नव्हता म्हणून म्हणा, की पर्वा नव्हती म्हणून म्हणा. आईनं ते कुलकुल कितीतरी दिवस पुरवून पुरवून आम्हाला दिले.

बहिष्कार कोणी मागे घेतला असं झालंच नाही. तो विरत गेला, संपासारखाच. ज्यांना जमलं ते मान खाली घालून कामावर गेले, त्यात काकूंचे यजमानही होते. मग कोण कोणाला संपफोडी म्हणणार? पुढे एका वर्षी गौरी आल्या आणि काकू हातात घावनघाटल्याचं ताट घेऊन आमच्या दारात उभ्या, जणू काही झालंच नाही. "घे गो, गरम आहे," म्हणाल्या. आईनं ताट घेतलं, परत देताना त्यात साखर घातली. झालं. पुन्हा फुगड्या, पुन्हा हळदीकुंकू, पुन्हा गळ्यात गळे. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, पण मला वाटायचं, काकूंना खरंच वाटलं असेल की आई फितूर झाली. माणूस चुकतं. रागाच्या भरात होतं असं.

आणि आता कळतंय की काकू स्वतः आईच्या शेजारी उभ्या होत्या! चुकल्या कुठल्या? त्यांना सगळं ठाऊक होतं. पेपरवाल्यांनी फोटो कापून फक्त आईला ठेवलं, म्हणून या सुटल्या, आणि सुटल्या त्या सुटल्या, वर माझं फराळाचं ताट परत पाठवलं!

मॉलमधून मी तरातरा चालत चाळीत गेले. आई तांदूळ निवडत बसली होती. भिंतीचा फोटो मी मोबाईलवर काढून आणला होता, तो तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा लावला, लांब धरून बघितला.

"केस किती काळे होते गो माझे," ती म्हणाली.

"केसांचं राहू दे. बाजूला काकू आहेत."

"मग? असणारच."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अगो, आम्ही जोडीनं गेलो, मला माहीत नसेल? तोरण तिचं, ओटी माझी. रस्त्यात समितीचं कोण भेटलं तर काय सांगायचं तेसुद्धा ठरवून गेलेलो."

मी ओरडलेच. म्हटलं, "आणि तू कोणाला बोलली नाहीस? बाबांनासुद्धा? तुझ्या नावानं बोंब मारली, तेव्हासुद्धा नाही?"

आईनं मोबाईल खाली ठेवला आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. "तिचा नवरा सभेत बोलायचा. त्याचीच बायको गेटच्या आत गेली म्हटल्यावर त्याचं कोण ऐकणार होतं? दुसऱ्या दिवशी अर्धी चाळ पाळीवर हजर झाली असती. माझं नाव तसंही गेलंच होतं. आणखी एकीचं घालवून माझं परत येणार होतं काय?"

ऐकताय ना? ज्या बाईला संपफोडी म्हणून वाळीत टाकलं, ती संप मोडू नये म्हणून मूग गिळून बसली होती. मला रडूही आलं आणि आईचा असा राग आला म्हणून सांगू! कशाला हा चांगुलपणा? कोणासाठी? मी म्हटलं, "उद्या सगळ्या जणी तिथे येणारेत. मी त्या भिंतीसमोर उभी राहून सगळ्यांना सांगणार. तुझं नाव साफ झालंच पाहिजे."

"तू तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे," आई म्हणाली. "ते माझं आणि तिचं आहे. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल."

"इतक्या वर्षांत सांगितलं?"

 तांदूळ निवडून झालेले असूनही ती निवडत राहिली, आणि तेव्हा मला कळलं की ती अजून वाट बघतेय. नवरा गेला, गिरणी गेली, काकूंचे यजमान जाऊनही वर्षं लोटली, आता लपवायचं तरी कोणासाठी? आणि तरी ही बाई वाट बघतेय की एक दिवस शेजारीण दारात येऊन म्हणेल, तेव्हा मीपण होते गो.

दसऱ्याच्या दिवशी आमची वरात मॉलमध्ये पोचली. नऊवाऱ्या, नथी, गजरे. सुनांचे मोबाईल दारापासूनच सुरू. आई आणि काकू हातात हात धरून चालत होत्या, कारण फरशी गुळगुळीत आणि दोघींच्या गुडघ्यांची तक्रार एकसारखीच. मी मागून बघत होते आणि ओठ दाबून धरले होते. ब्राझीलच्या बायकांसमोर सुना थांबल्या, फोटो काढले. मनात आलं, या बायकांनाही घरी गेल्यावर कोणाकोणाची बोलणी खावी लागली असतील, ते कुठल्या फलकावर लिहितात?

मग जिन्याशी आलो.

"अय्या! आजी!" काकूंच्या नातसुनेनं किंचाळून सगळ्यांना गोळा केलं. "आजी, ह्या तुम्ही? किती भारी दिसताय! आणि बाजूला तुमची मैत्रीण!"

काकू वर बघत राहिल्या. मला वाटलं आता त्यांचा चेहरा पडेल, त्या खाली बघतील, काहीतरी होईल.  आणि काकूंनी काय करावं? त्यांनी पदर सारखा केला आणि हसल्या. "मीच ती! तोरण मीच बांधायचे दरवर्षी. आम्हा दोघींशिवाय खात्यात दसरा व्हायचा नाही." सुनांनी टाळ्या वाजवल्या. सेल्फीसाठी दोघींना भिंतीपुढे उभं केलं. काकूंनी आईच्या खांद्यावर हात टाकला.

म्हणजे शरमेची गोष्ट होती तेव्हा आई एकटी, आणि मिरवायची गोष्ट झाली तेव्हा आम्ही दोघी! माझ्या जिभेवर शब्द आले होते. तेवढ्यात कानाला ते माईकचं यंत्र लावलेली, कार्यक्रम सांभाळणारी मुलगी धावत आली. बिचारी भली पोर होती, तिचा यात काही दोष नाही. "ओह माय गॉड, फोटोतल्या आज्या खरंच आल्यात? आम्हाला नावंच माहीत नव्हती. मी आजच खाली नावं टाकून घेते. सांगता का?" आणि तिनं आईपुढे मोबाईल धरला.

आईनं खांद्यावरचा काकूंचा हात काढला. झिडकारला नाही, उचलून बाजूला ठेवला.

"माझं नको," ती म्हणाली. "माझं एकदा छापून झालंय. हिचं छापा."

"असं कसं, दोघींचं टाकूया ना."

"नको म्हटलं ना. हिचं एकटीचं छापा. आणि फोटो कुठल्या दसऱ्याचा आहे, तेही खाली लिहा." आईचा आवाज गिरणीत होती तेव्हासारखा चढला होता, मशीनच्या वरून ऐकू जाईल असा. "हिलाच विचारा, कुठल्या."

सुना अजून हसत होत्या, त्यांना काय कळणार. पण मंडळात दोघी-तिघी साठीच्या बायका आहेत. संक्रांतीला आमच्या दारावरून भरभर गेलेल्या. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग आईकडे, मग काकूंकडे.

 काकूंनी आईकडे बघितलं. आईनं नजर हटवली नाही.

"आजी?" ती मुलगी म्हणाली. "कुठल्या वर्षीचा?"

"संपातला," काकू म्हणाल्या.

स्टेजवर ढोल सुरू झाले होते. मुलीनं कानातलं यंत्र काढलं आणि वाकून जवळ आली. "सॉरी आजी, ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं सांगाल?"

काकूंनी मोठ्यानं सांगितलं.